उजव्या पोटातलं पाणी

थोरलीला पोहता येत होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाटायचं, बिचारीला बुडायची भीती होती. तसं नव्हतं. तलावात ती या काठावरून त्या काठाला गप्पा मारत जाऊन यायची. तिची भीती वेगळी होती. ज्याचा तळ दिसत नाही अशा पाण्यावर, बोटभर जाडीच्या भिंतीच्या भरवशावर झोपायचं, भाजी चिरायची, केस विंचरायचे आणि हे सगळं रोज करायचं, या नुसत्या विचारानं तिची झोप उडायची.

आणि तरीही ती बोटीवर राहायला निघाली होती, कारण धाकटी निघाली होती.

धाकटीनं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या बोटींची शिडं शिवण्यात घालवलं होतं. एवढाल्या पांढऱ्या कापडाच्या ढिगाऱ्यात बसून ती मशीन चालवायची आणि म्हणायची, "एक दिवस माझं शीड मी माझ्या डोलकाठीवर चढवणार." लोक हसायचे, थोरलीही हसायची. मग एक दिवस धाकटीनं खरोखरच बोटींच्या कारखान्यात स्वतःची बोट बांधायला सांगून टाकली, आणि थोरलीचं हसू जागच्या जागी वाळलं.

तशा दोघी एकट्याच. थोरलीचे यजमान जाऊन बराच काळ लोटला होता, धाकटीनं लग्नाच्या भानगडीत पडायचंच टाळलं होतं. दोघी एकाच घरात राहायच्या, भांडायच्या, एकाच किटलीतला चहा प्यायच्या. धाकटीला साखरेचा आजार होता. रोज सुई टोचून घ्यावी लागायची, आणि कधी जेवण लांबलं की साखर एकदम उतरायची. एकदा ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असतानाच खाली कोसळली होती. थोरली शेजारी होती म्हणून तोंडात साखर पडली. शेजारी कोणी नसतं तर? हा प्रश्न थोरलीनं तेव्हापासून गिळून ठेवला होता.

धाकटीनं मात्र स्वच्छ सांगितलं होतं, "हे बघ ताई, बोट ताब्यात मिळेपर्यंत विचार कर. भीती वाटत असेल तर धक्क्यावर उतरून घरी जा, मी रागावणार नाही. पण घाबरणारं माणूस मी बरोबर घेणार नाही. घाबरलेल्याचे हात भलत्याच दोरावर पडतात, मी बघितलंय."

"मी? आणि घाबरते?" थोरली म्हणाली होती.

त्या दिवसापासून तिनं धीटपणाचं सोंग घेतलं, आणि सोंग वठवायचं म्हणजे चोवीस तास रंग पुसायची सोय नाही.

बोट छोटीशीच होती, कॅटमरान. म्हणजे काय, तर दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि त्यांच्यावर मिळून एकच घर बांधायचं. वर मधोमध बसायची खोली, तिच्या मागे मोकळी जागा, तिथं सुकाणूचं चाक. आणि दोन्ही बाजूंना चार-चार पायऱ्या उतरून खाली दोन होड्यांच्या पोटात जायचं. कारखान्यातले लोक पोटंच म्हणायचे, डावं पोट आणि उजवं पोट. दोन्ही एकमेकांची आरशातली रूपं. एकात जे डाव्या हाताला, ते दुसऱ्यात उजव्या हाताला.

ही रचना बघून धाकटी लहान मुलीसारखी टाळ्या पिटत म्हणाली, "डावं तुझं, उजवं माझं! आणि नियम तोच."

नियम लहानपणापासूनचा. दोघींची खोली एकच होती आणि भांडणं रोजची, म्हणून आईनं जमिनीवर खडूनं मधोमध रेघ ओढून दिली होती. विचारल्याशिवाय रेघेपलीकडे पाऊल टाकायचं नाही. खडू केव्हाच पुसला गेला, घरं बदलली, पण नियम कधी मोडला नव्हता. आग लागली तरी आधी "येऊ का?" म्हणून दार वाजवणाऱ्या बहिणी होत्या त्या.

त्यामुळे बोट सजवायचं कामही रेघ ओढून झालं. डाव्या पोटात थोरलीनं काय काय भरलं! तरंगायची जाकिटं, औषधांची पेटी, दोन विजेऱ्या, त्यांचे जास्तीचे सेल, शिट्ट्या, आणखी शिट्ट्या. दुलया प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या. बरण्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांना जुने मोजे चढवले.

"बरण्यांना थंडी वाजते का गं?" धाकटीनं पायऱ्यांवरूनच विचारलं.

"आवाज होतो म्हणून."

"तुला शिट्ट्या चालतात, बरण्या नाही चालत."

उजव्या पोटात धाकटीनं संडास काढूनच टाकायला लावला. एक आहे तेवढा पुरे, म्हणाली, आणि त्या जागी आपलं शिलाई मशीन बोल्टांनी घट्ट बसवून घेतलं. भोवती कापडाचे गठ्ठे आणि दोऱ्याची रिळं. बोट अजून कारखान्याच्या धक्क्याला होती तेवढ्यात तिनं खाली बसून पडदे शिवून काढले. कापडाच्या चिंध्या आणि दोऱ्यांचे तुकडे फळ्यांच्या फटींतून खाली तळाशी पडत राहिले. तिकडे कोण बघतो?

संडास काढला खरा, पण त्याच्यासाठी बोटीच्या तळाला पाडलेलं भोक तिथंच होतं. संडासात समुद्राचं पाणी ओढायला असं भोक लागतं. त्याच्यावर एक व्हॉल्व्ह असतो, आणि व्हॉल्व्हला बोटासारखी एक दांडी. कारखान्याच्या फिटरनं दोघींना डाव्या पोटात गुडघ्यांवर बसवून फळी उचलून दाखवलं होतं.

"दांडी पाइपच्या रेषेत असली की उघडं. पाइपला आडवी केली की बंद. लांबच्या प्रवासाला निघताना सगळे बंद करायचे. एवढं लक्षात ठेवा, बाकी बोट तुम्हाला सांभाळेल."

धाकटीनं मान हलवली आणि विसरली नाही. थोरली घाबरलेली होती, आणि घाबरलेलं डोकं सोपी वाट शोधतं. तिनं पाइपाकडे बघितलंच नाही. दांडी आणि शेजारची भिंत एवढंच बघितलं आणि मनाशी घोकलं, 'दांडी भिंतीला समांतर, म्हणजे बंद. दांडी भिंतीपासून पुढे आलेली, म्हणजे उघडं.' डाव्या पोटात ते खरंही होतं, कारण तिथला पाइप भिंतीपासून सरळ पुढे येत होता. आयुष्यभर बालवर्गातल्या पोरांना "घोकू नका, समजून घ्या" म्हणणाऱ्या बाईंनी घोकलं, आणि घोकलेलं पक्कं बसलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटी गॅसची टाकी आणायला गेली. थोरलीनं आपल्या पोटातले व्हॉल्व्ह तपासले, सगळे बंद. मग पुन्हा तपासले. मग वरच्या खोलीत येऊन बसली आणि उजवीकडच्या पायऱ्यांकडे बघत राहिली. धाकटीनं तिचे बघितले असतील का? ती विसरभोळी. विचारावं, तर म्हणेल, घाबरलीस. मनात एकदा शंकेचा किडा शिरला की तो काही स्वस्थ बसू देत नाही. शेवटी थोरली उठली आणि जन्मात पहिल्यांदा न विचारता रेघ ओलांडून खाली उतरली.

चोरासारखी ती मशीनच्या टेबलाखाली वाकली. फळी उचलून विजेरी मारली. दांडी भिंतीपासून पुढे आलेली!

'उघडंच ठेवलंय वेडीनं,' ती पुटपुटली, आणि तिनं दांडी फिरवून भिंतीला समांतर केली. फळी ठेवली. वर आली तेव्हा तिला हलकं वाटत होतं, कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं इतकं.

पण झालं होतं उलटंच. टेबलाचा पाय मध्ये यायला लागला म्हणून फिटरनं उजव्या पोटातला व्हॉल्व्ह वळवून त्याची तोटी, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, भिंतीच्या कडेनं बसवली होती. म्हणून तिथं भिंतीपासून पुढे आलेली दांडी म्हणजे बंद, आणि भिंतीला समांतर म्हणजे उघडं. थोरलीनं बंद असलेला व्हॉल्व्ह उघडला होता. आता समुद्र आणि बहिणीचं अंथरूण यांच्यामध्ये तोटीच्या तोंडावर दाबून बसवलेली एक प्लॅस्टिकची टोपी तेवढी उरली होती. ती टोपी पाणी अडवायला नव्हतीच, धूळ जाऊ नये म्हणून होती.

धक्क्यावरच्या संथ पाण्यात रात्रभर ती टिकली.

सकाळी कारखान्याचा कप्तान आला. गरगरीत अंगाचा, हसतमुख माणूस. बोट किनाऱ्याकिनाऱ्यानं दूरच्या बंदरापर्यंत चालवत न्यायची, वाटेत सगळं नीट चालतंय ना ते दोघींसमोर दाखवायचं, आणि तिथल्या धक्क्यावर किल्ल्या त्यांच्या हातात देऊन आपण बसनं परत यायचं, अशी रीत. तिथून पुढे बोट त्यांची आणि त्या बोटीच्या.

"मोठ्या बाई, जाकीट आत्तापासूनच? अजून दोर सोडायचाय," कप्तान म्हणाला.

"गार वाटतंय," थोरली म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

बंदराची भिंत मागे पडली, इंजिनं थांबली, आणि धाकटीनं आपल्या हातानं शिवलेलं शीड वर चढवलं. ते फडफडलं, मग गपकन फुगलं, आणि बोट पळायला लागली. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं ती कप्तानाला शिव्या घालत होती, "ताणा ना जरा! माझ्या शिवणीवर विश्वास नाही का?" थोरलीनं कठडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. तोंडावर मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर ठेवायचं ते हसू.

लाटा वाढल्या तशी बोट खालून धाडधाड आपटायला लागली. प्रत्येक आपटण्याबरोबर थोरली कठड्यावरून खाली वाकून बघायची. आणि मग तिला दिसलं, उजव्या बाजूच्या एका भोकातून पाण्याची पिचकारी उडतेय. थांबते, पुन्हा उडते. मग थांबायचीच बंद झाली.

"हे काय आहे हो?" आवाज जमेल तितका सहज ठेवत तिनं विचारलं.

"पंप. पोटात थोडंफार पाणी साचतं, ते चढलं की पंप आपोआप सुरू होतो. नवी बोट आहे, चुळा भरते थोड्या. पोचलो की बघू," कप्तान म्हणाला.

"डावी नाही भरत चूळ."

"डावीनं दात घासले असतील!" धाकटी म्हणाली, आणि दोघंही खो खो हसली.

थोरलीही हसली. पण तिचं डोकं पायऱ्या उतरून टेबलाखाली जाऊन पोचलं होतं. दांडी. भिंत. समांतर म्हणजे बंद. बंद केली होती ना? केली होती. मग पाणी कुठून?

थोड्या वेळानं पिचकारी थांबली.

"बघा! संपलं पाणी," कप्तान म्हणाला.

संपलं म्हणून थांबली, की दुसऱ्या कशानं थांबली? थोरली बसायच्या खोलीत गेली. तिनं स्टीलच्या पेल्यात पाणी ओतून तो टेबलावर ठेवला आणि हातानं धरून बसली. पोरांना पाण्याची पातळी कशी असते हे ती असंच शिकवायची. भांडं कसंही कलतं करा, पाणी आपली रेघ सपाटच ठेवतं. लाटेबरोबर पाणी पेल्यात इकडून तिकडे जात होतं, तेवढं ठीक. पण प्रत्येक वेळी मध्ये येऊन स्थिर होताना ते उजव्या काठाशी जास्त चढलेलं असायचं. वारा उजवीकडून येत होता. कललीच तर बोटीनं डावीकडे कलायला हवं होतं.

म्हणजे उजवं पोट जड झालं होतं.

थोरली उठून दारापर्यंत गेली. ओरडावं? ओरडलं की कप्तान विचारणार, काय झालं. मग सांगावं लागणार, मी दांडीला हात लावला होता, का लावला, तर मला भीती वाटत होती. म्हणजे पुढच्या धक्क्यावर आपण उतरणार, आणि धाकटी एकटी पुढे जाणार. कुठल्यातरी खाडीत जेवण लांबेल, साखर उतरेल, ती ओट्याशी कोसळेल, आणि साखरेची बरणी मोजा घालून तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहील.

'आधी बघून तर येऊ,' तिनं स्वतःला सांगितलं. दारातून तिनं हाक मारली, "चिमे, तुझ्या खोलीत जाऊ का गं?"

"कशाला?"

"असंच."

"नको, पसारा आहे. तुझं डोकं उठेल."

नियमाप्रमाणे विषय इथं संपत होता. पण थोरली वळली आणि उजवीकडच्या पायऱ्या उतरायला लागली.

शेवटच्या पायरीवर पाय ठेवला आणि तो घोट्याच्या वरपर्यंत गार पाण्यात गेला. खाली जमीन नव्हतीच, पाणी होतं. कापडाचे गठ्ठे फुगून तरंगत होते, रंगीत रिळं बदकांच्या पिल्लांसारखी रांगेनं एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे जात होती. कुठूनतरी खळखळ असा अखंड आवाज येत होता. घरात कोणी नळ उघडा टाकला तर येतो तसाच, साधा, ओळखीचा. त्या साधेपणानंच तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

ओरडायला तिनं तोंड उघडलं, पण दातखीळ बसल्यासारखा आवाजच फुटेना. पाणी चढत होतं, चढताना दिसत होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली हात घातला. फळी कधीच सुटून गेली होती. खांद्यापर्यंत हात पाण्यात, गाल पाण्याला टेकलेला, आणि बोटांवर खालून येणारा पाण्याचा जोरदार लोट. टोपी उडून गेली होती. बोटांना दांडी लागली.

दांडी भिंतीला समांतर होती. तिनं ठेवली होती तशीच. तिच्या हिशोबानं बंद!

आता? फिरवावी तर आणखी उघडेल का? नाही फिरवावी तर हे काय चाललंय? डोक्यातलं घोकलेलं वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होतं आणि हाताला लागणारा समुद्र म्हणत होता, खोटं आहे. भीतीनं तिला रडू फुटलं. रडता रडताच बोटं चाचपत राहिली, आणि त्यांना तोटी लागली. आखूड, गोल, उघड्या तोंडाची. तोटीवरून बोटं सरकवत ती मागे आली, तर सरळ दांडीवरच आली. एकाच रेषेत! तेव्हा कुठं फिटरचं वाक्य अख्खंच्या अख्खं तिच्या कानात वाजलं. पाइपच्या रेषेत म्हणजे उघडं. भिंत तर त्यानं उच्चारलीसुद्धा नव्हती.

तिनं दांडी ओढली. हलेना. दोन्ही हात घातले, तोंडात खारं पाणी गेलं, आणि सगळा जीव एकवटून तिनं ती आडवी केली.

खळखळ थांबली.

आणि मग, सगळं झाल्यावर, तिच्या गळ्यातून किंकाळी बाहेर पडली.

कप्तान धावत आला. पायऱ्यांवरून त्यानं खाली बघितलं आणि त्याचा हसतमुख चेहरा राखेसारखा झाला. पुढचा सगळा वेळ नुसती धावपळ होती. शीड उतरवलं, इंजिनं सुरू केली. धाकटी सुकाणूवर, कप्तान हातपंपावर, थोरली बादलीवर. कप्तानानं तळात हात घालून बंद पडलेला पंप उघडला, तर त्यातून रंगीबेरंगी दोरे आणि चिंध्यांचा एक बोळा निघाला. धाकटीचे पडदे.

पाणी उतरायला लागल्यावर कप्तानानं कारखान्यात फोन लावला. हात ओले म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्यानं बोलत होता, त्यामुळे पलीकडचं सगळ्यांना ऐकू येत होतं. मालकानं फिटरला बोलावून घेतलं.

"साहेब, मी बंद केला होता. मी स्वतः आडवा केला होता," फिटरचा आवाज आला.

"बंद केला होता तर समुद्र काय किल्ली घेऊन आला का?" मालक गरजला. "दोन बायका बुडाल्या असत्या! उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"माझी बहीण होती खाली!" धाकटी सुकाणूवरून ओरडली. तिचा आवाज चिरकला होता. "तिचं काही झालं असतं तर मी तुम्हाला सोडलं नसतं, दादा! एक साधी दांडी..."

"मी आडवाच केला होता, बाई," पलीकडून फिटर पुन्हा म्हणाला. 

थोरलीच्या हातात बादली होती. सगळं आयतं जुळून आलं होतं. तिला कोणी काही विचारलं नव्हतं, कोणी विचारणारही नव्हतं. उलट बोट वाचवणारी बाई म्हणून ती धाकटीबरोबर पुढे जाऊ शकत होती, अगदी जन्मभर. फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसायची तर तिला इतकी सवय झाली होती.

"मी उघडला," ती म्हणाली.

इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं जास्त कठीण गेलं.

"मी उघडला! काल दुपारी. फिटरदादांनी बंदच केला होता. मला वाटलं उघडा आहे, म्हणून मी बंद करायला गेले. त्यांना काही बोलू नका."

 मग फिटर हळूच म्हणाला, "मोठ्या बाई, आता दांडी कशी आहे?"

"तोटीला आडवी."

"मग बंद आहे. आता ती हात जोडून विनवायला लागली तरी हात लावू नका."

कप्तानाला फिस्सकन हसू आलं. मालकानं काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. धाकटी हसली नाही. ती समोर बघत चाक धरून उभी होती.

"माझ्या खोलीत गेलीस? न विचारता?" ती म्हणाली.

"हो."

"दोनदा."

"दुसऱ्यांदा विचारलं होतं. तू नको म्हणालीस."

 बंदर येईपर्यंत धाकटीनं चाक सोडलं नाही. थोरली बादलीनं उरलंसुरलं पाणी काढत राहिली. मग फडक्यानं पुसत राहिली. मग पुसलेलं पुसत राहिली.

धक्क्याला लागल्यावर कप्तानानं तो व्हॉल्व्ह स्वतः पाहिला, तोटीला धातूचं टोपण पिळून बसवलं, पंप चालवून दाखवला आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"बोट चांगली आहे," तो म्हणाला. "तुमच्या दोघींचं मात्र एकदा ठरवून घ्या. कोण कुठं हात लावणार ते. या धक्क्यावर जास्त वेळ थांबू देत नाहीत, मोठी बोट यायचीय. तिकडे खाडीत नांगर टाकायला जागा आहे." आणि आपली पिशवी खांद्याला लावून तो निघून गेला.

दोघी समोरासमोर उरल्या. थोरलीची पिशवी डाव्या पोटातून आणून दाराशी ठेवलेली होती. तिनंच ठेवली होती.

"भीती कधीपासून वाटते?" धाकटीनं विचारलं.

"तू बोट सांगितलीस त्या दिवसापासून."

"आणि तोंडावर ते स्नेहसंमेलन?"

"तू म्हणाली होतीस, घाबरणारं माणूस नेणार नाही. मग तू एकटी गेली असतीस. तुझी साखर उतरली असती तर कोणी..."

धाकटीनं ओल्या कापडाचा एक गठ्ठा उचलला, पिळला, पुन्हा खाली टाकला. "माझंच चुकलं म्हणायचं म्हणजे," ती चिडून म्हणाली. चूक कबूल करताना ती नेहमीच चिडायची. "मी अटच अशी घातली की तुला चोरून घाबरावं लागलं. आज पिचकारी तूच पहिल्यांदा बघितलीस. मी दात घासायचे विनोद करत होते. तू तिथंच बोंब मारली असतीस तर गुडघ्याएवढं पाणी झालं नसतं."

"मग उतरू?"

"मला काय विचारतेस! उतरायचंय का तुला?"

थोरलीनं धक्क्याकडे बघितलं. दगडी, कोरडा, हलत नव्हता. पलीकडे बसथांबा, चहाची टपरी, खुर्चीत डुलक्या घेणारा पहारेकरी. असं सगळं सोडून माणूस पाण्यावर का जातं, हे तिला आजही कळत नव्हतं. मोठ्या बोटीचा भोंगा वाजला आणि ती दचकली.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "आता वाटते, खाडीत वाटेल, उद्या वाटेल. गेली नाहीच तर?"

"नाही गेली तर नाही गेली. पण मोठ्यानं वाटू दे. मी हसले तरी बोंब मारायची. मी नको म्हटलं तरी खाली उतरून बघायचं."

"आणि तू चिंध्या तळाशी टाकायच्या नाहीत."

"नाही टाकणार." धाकटी सुकाणूकडे गेली आणि तिनं इंजिनं सुरू केली. "पुढचा दोर तुझ्याकडे. सोड म्हटलं की सोड."

थोरली बोटीच्या टोकाला गेली. धक्क्याच्या खुंट्याला घातलेल्या दोराचं टोक तिच्या हातात होतं. मोठी बोट भिंतीआडून वळून आत येत होती, घरासारखी उंच, आणि त्यांची बोट तिच्यापुढे काडेपेटीएवढी.  

"सोड, ताई!"

"चिमे, मोठी बोट अंगावर येईल असं वाटतंय!" थोरली जीव खाऊन ओरडली.

धाकटीनं वळून बघितलं, खरंच बघितलं, मोठी बोट, मधलं पाणी, वारा. मग तिनं इंजिन क्षणभर थोपवलं.

"जाऊ दे तिला पुढे," ती म्हणाली. "धरून ठेव."

मोठी बोट सावली टाकत हळूहळू शेजारून पुढे, वळायला मोकळ्या पाण्याकडे सरकली. तिची लाट येऊन आदळली, बोट वरखाली झाली, थोरलीनं डोळे मिटले आणि उघडले.

"आता?" धाकटीनं विचारलं.

"आता अजून भीती वाटतेय!"

"चालेल. सोड!"

तिनं दोर सोडला. तो खुंट्यावरून सुटून पाण्यात पडला, आणि थोरली तो हाताहातानं आत ओढून घ्यायला लागली.